परीक्षा रुग्णाची की दवाखान्याची?

'दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा.' औषधाच्या बाटलीवरील ही साधी सूचना अमेरिकेतील तीन शहरांत, मुख्यतः गोरगरिबांच्या प्राथमिक दवाखान्यांतील ३९५ रुग्णांपुढे ठेवण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. ज्यांचे वाचन बेताचे होते त्यांच्यापैकी शेकडा ७१ जणांनी सूचना बिनचूक सांगितली. मात्र दिवसभराच्या चार गोळ्या मोजून दाखविणे शेकडा ३५ जणांनाच साधले.

रुग्णाची आरोग्यविषयक समज मोजणाऱ्या चाचण्या तिकडे १९९० च्या दशकापासून निघाल्या. २००५ सालच्या एका चाचणीत तर आइस्क्रीमच्या डब्यावरील लेबल हाती देऊन सुमारे तीन मिनिटांत सहा प्रश्न विचारतात. ज्याची शाळा हिशेबापायी सुटली, तो डॉक्टरांपुढे पुन्हा नापास! समाजाचा एकंदर अंदाज घेण्यापुरते अशा मोजमापाचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु समोरच्या माणसावर 'अडाणी' असा शिक्का मारून दवाखान्याने मोकळे व्हावे, हे आम्हांस मान्य नाही.

आपल्याकडे तर हा शिक्का चाचणीवाचूनच तयार असतो. 'सांगूनही ऐकत नाहीत' हे वाक्य कोणत्या कार्यकर्त्याने ऐकलेले नाही? सांगितले कोणत्या भाषेत, हे मात्र कोणी विचारीत नाही. मेळघाटात कित्येक घरांची बोली कोरकू, भामरागडात माडिया; आणि कागदावर लिहिलेले असते '१-०-१'. क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने न चुकता घ्यावयाचे असते. बरे वाटू लागल्यावरही ते का घ्यावयाचे, हे ज्याला कोणी उलगडून सांगितले नाही तो ते मध्येच सोडतो, आणि दोष त्याच्याच माथी बसतो.

उपाय महागडा नाही. 'घरी गेल्यावर हे कसे घ्याल, मला दाखवा,' असे प्रत्येकास म्हणावे. चुकल्यास आपलेच सांगणे अपुरे पडले असे समजून पुन्हा सांगावे. दारात लांबच लांब रांग असताना एकट्या डॉक्टरने हे कसे करावे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच रिक्त पदे भरण्याची मागणी आणि ही मागणी वेगळ्या नव्हेत. आरोग्यसेवेच्या आखणीत सहभाग हा लोकांचा हक्क आहे, असे १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्याने म्हटलेच आहे. कार्यकर्त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी आपल्या केंद्राच्या औषध-खिडकीबाहेर उभे राहावे. परतणाऱ्यांची हरकत नसेल तर गोळ्या कशा घेणार ते विचारावे. शंका वाटली तर त्यांना खिडकीशी परत न्यावे. किती जणांना परत न्यावे लागले तो आकडा, नावे वगळून, ग्रामसभेपुढे ठेवावा.