पिंजरा नको, कोपरा द्या

मैत्रिणींनो, मुलं हट्ट करतात, त्यांचे बाबा बाजारातून कापसाचा गोळा घेऊन येतात. व्हाइट जायंट जातीचा असेल तर मोठा झाल्यावर तोच गोळा चार-पाच किलोंचा भरतो. पिंजरा मात्र पहिलाच, जेमतेम पोपटाचा! त्यात धड वळताही येत नाही.

आमच्या वडिवळ्यात ससा अंगणात ठेवणं मला अजिबात पटत नाही. मावळातला पाऊस तिरका, घरात शिरणारा. शिवाय मांजरं, मुंगूस, भटकी कुत्री. तेव्हा ससा घरातच हवा. आता ‘जागा कुठंय?’ म्हणाल. जिन्याखाली असते की! किंवा जुनं टेबल घ्या, त्याच्या पायांना भोवताली जाळी ठोका. जाळी जाड तारेची, बारीक भोकांची हवी. तळाला मात्र जाळी नकोच, पायांना जखमा होतात. साधी फळी टाका, वर भाताचा सुका पेंढा. तो आपल्याकडे कुणीही देतं. मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान टेकू नयेत एवढी उंची, तीन-चार उड्यांची लांबी, आणि दाराला कडी. खर्च काय तो जाळीचा आणि सुताराच्या तासाभराचा.

राहिला प्रश्न लेंड्यांचा. ससा हवा सगळ्यांना, झाडू मात्र आईच्या हातात, हे का म्हणून? पेंढा बदलायचं काम हट्ट करणाऱ्यांकडेच द्यावं. संध्याकाळी तासभर त्याला घरात मोकळं सोडावं, फक्त तेवढा वेळ मिक्सरची वायर वर टांगून ठेवायची. दात जन्मभर वाढतात त्याचे, समोर येईल ते कुरतडतो!