‘दमा’ म्हटले की निदान झाले?

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत धाप लागणाऱ्या माणसाच्या आजाराला बहुधा एकच नाव मिळते : दमा. हे नाव इतके सोयीचे आहे, की ते उच्चारल्यावर पुढील चौकशीची गरज रुग्णाला वाटत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरलाही वाटत नाही. वस्तुतः दमा, धुराधुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी, क्षयाने मागे ठेवलेली फुप्फुसाची हानी आणि दुबळे झालेले हृदय या चार भिन्न गोष्टी आहेत. लक्षण एक, उपाय मात्र वेगळे.

सीओपीडी हा विडी ओढणाऱ्या पुरुषांचा रोग, ही समजूत या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. ठाकूरवाडीतील ज्या स्त्रीने जन्मभर चुलीपुढे ओल्या लाकडांचा धूर गिळला, तिने विडीला कधी हात लावलेला नसतो; म्हणून तिच्या बाबतीत या रोगाची शंकाच येत नाही. वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जाणारा कातकरी खोकताना दिसला, की क्षय आठवतो. तो आठवणे योग्यच. परंतु थुंकीत जंतू नसताना केवळ क्ष-किरण चित्रातील जुन्या व्रणावरून औषधे पुन्हा सुरू करणे म्हणजे ६ महिने भलत्याच रोगाशी लढणे होय. उलट, खरा क्षय दमा समजून दडपला गेला, तर संसर्ग घरभर पोचतो.

२०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५.५ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज जागतिक रोगभार अभ्यासात मांडला गेला. एवढ्या व्यापक रोगाचे निदान नुसत्या स्टेथोस्कोपने होत नाही. त्याला स्पायरोमेट्री लागते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही जोराने फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली, तर अडथळा कायमचा मानतात. हा निकषही डोळे मिटून लावण्याचा नव्हे. वयोमानाने हे प्रमाण स्वाभाविकपणेच घटते. त्यामुळे वृद्धांवर रोगाचा खोटा शिक्का बसू शकतो आणि तरुणांतील रोग निसटू शकतो. म्हणून चाचणीला रुग्णाच्या पूर्ववृत्ताची जोड हवी.

आरोग्य खात्याला हे ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात स्वयंपाकाचे इंधन कोणते आणि वीटभट्टीसारख्या धुराच्या जागी काम केले काय, हे प्रश्न छापलेलेच आहेत. परंतु उत्तर केवळ तक्त्यात राहिले, तर विचारण्याचा अर्थ काय? उत्तर ‘होय’ आले आणि धापही लागत असेल, तर त्या व्यक्तीची चाचणी तालुक्यातच, ठरल्या वारी, प्रशिक्षित हातांनी झाली पाहिजे. मजुरी बुडवून मुंबई गाठण्यास सांगणे म्हणजे चाचणी नाकारण्यासारखेच आहे.

गेलेले फुप्फुस परत येत नाही. मात्र धुरापासून सुटका आणि योग्य औषध मिळाले, तर उरलेला श्वास सुसह्य होतो. जिने आयुष्यभर फुंकणीने चूल पेटवली, तिला एकदा त्या यंत्रात फुंकता यावे, ही अपेक्षा अवास्तव खचितच नाही.