सफाई कामगारांचा बुडालेला रोज कोण मोजणार?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला लांडोर बंगल्यावर भीमसैनिकांची गर्दी होते. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आलेले बाबासाहेब तेथे उतरले होते. या गर्दीत पहाटे गटारी उपसून आलेले आपले किती बांधव असतात! त्यातल्या ठेकेदाराकडच्या कामगाराला विचारा, तुझे येणे किती? तो अडकलेला पगार तेवढा सांगेल. रोजच कमी मिळतो, हे तो धरतच नाही. खरी लूट तेथेच आहे!

समजा, सरकारने ठरवलेला रोज ५०० रुपये आणि हातात पडतात ३५०. २६ दिवसांचे ३,९०० बुडाले, वर्षाचे ४६,८००. तीन वर्षांचे १,४०,४०० रुपये! एवढ्यात पोरीचे नर्सिंग झाले असते.

साहेबलोकांचे येणे कसे निघते बघा. राज्यात सातवा वेतन आयोग २०१९ च्या जानेवारीत लागू झाला, पण १ जानेवारी २०१६ पासूनचा. मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत द्यायचे शासनाने ठरवले. योग्यच झाले. पण झाडूवाल्याचा फरक मोजायला कोणता आयोग बसला?

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली कायदा झाला. त्यात दाव्याला सहा महिन्यांचीच मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली. नव्या कामगार संहितांवर चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण या संहितेचे ४५ वे कलम आपल्या कामाचे आहे. दाव्याला तीन वर्षे मिळतात, नोंदणीकृत युनियनलाही दावा करता येतो, आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. पैसे दिले, हे मालकाने सिद्ध करायचे. ठेकेदाराने हात वर केले, तर ज्याच्या आस्थापनेत राबलात त्याने द्यायचे.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांची लढाई जिंकली. तरीही कागदावर नाव चुकीचे लिहिले गेल्याने कित्येकांचा हक्क पुढे अडकून पडला. म्हणून जळगाव-धुळ्याच्या बांधवांनो, कामगार कार्यालयात जाण्याआधी आधारवरचे नाव आणि हजेरीपटावरचे नाव एकच आहे का, ते बघा. पासबुक भरून घ्या. रोजची हजेरी, मुकादमाचे नाव, हातात आलेले पैसे एका वहीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही, त्याची वही शाळेत जाणाऱ्या पोरीने लिहावी.