उक्ती फी आणि न वाचलेला कागद

गेल्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांची मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. हातातल्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेला स्टॅम्प पेपर काढला आणि म्हणाल्या, "बाजी, एवढं वाचून सांगा. खाली सही माझ्या लेकीची आहे, पण वर काय लिहिलंय ते आमच्या घरात कुणालाच कळत नाही."

मुलगी जळगावची, उर्दू माध्यमात शिकलेली. सासर धुळ्याचे. चार वर्षे संसार झाला, एक मुलगा झाला, पण मने जुळली नाहीत. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी तीनदा बसली. कधी हे लोक एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने धुळ्याला गेले, कधी ते लोक इकडे आले. शेवटी ठरले की भांडण नको, कोर्टकचेरी नको, दोघांनी राजीखुशीने वेगळे व्हावे. कुणीतरी एक वकील आणला. तो म्हणाला, "दोघे राजी आहेत ना? मग पंधरा हजार उक्ते. एका दिवसात मोकळे." दोन्ही घरांनी निम्मे निम्मे पैसे दिले. नोटरीच्या टेबलावर दोन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या आणि सगळे अल्लाहचे आभार मानून घरी गेले.

दीड वर्षाने मुलीला चांगले स्थळ आले. त्या मंडळींनी विचारले, "कोर्टाचा कागद आहे ना?" तेव्हा हा स्टॅम्प पेपर कपाटातून बाहेर निघाला.

आम्ही तो वाचला. तीन पानांची कचेरीतली मराठी. तिसऱ्या पानावर लिहिले होते की मुलीला मेहर, इद्दतचा खर्च आणि जहेजचे सामान सर्व मिळाले, काही येणे बाकी नाही, आणि पुढे ती स्वतःसाठी किंवा मुलासाठी कसलाही खर्च मागणार नाही. आम्ही हे उर्दूत समजावून सांगितले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भांडी तर अजून धुळ्यालाच आहेत, बाजी. मेहरचा एक रुपया पाहिला नाही आम्ही."

आपल्या खान्देशात उक्ते हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. निंदणी रोजाने द्यायची की उक्ती, हे शेतकरी आधी ठरवतो. पण उक्ते देताना तो बांधावर उभा राहून दाखवतो की इथून तिथपर्यंत, इतक्या ओळी, आणि गवत काढून बांधाबाहेर टाकायचे. काम किती ते ठरल्याशिवाय दाम ठरत नाही. वकिलाला उक्ती फी देण्यात वाईट काही नाही. उलट, दोघे राजी असतील तर तेच बरे, तारखेगणिक पैसे मोजावे लागत नाहीत. चूक होते ती काम किती हे न विचारण्यात.

काम किती, हे कळायला आधी आपला कायदा थोडा समजून घेऊ या. पत्नीला सुटका हवी असेल आणि ती मेहर किंवा काही मोबदला सोडून ती मागत असेल, तर तो खुला. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत करून सुटका घेतली, ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर ती मुबारात. १९३७ च्या शरीअत कायद्यात या दोन्हींची नावे आहेत. मुबारातीने निकाह सुटतो, त्यासाठी कोर्टाने तो तोडावा लागत नाही. मग कोर्टात जायचे कशाला? तर तो सुटला आहे हे कोर्टाकडून जाहीर करून घ्यायला. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली नवरा-बायकोच्या वैवाहिक स्थितीबद्दल असे जाहीर करून मागता येते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि गुजरात उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मुबारातीबाबत हीच वाट मान्य केली आहे. जमातीचा किंवा दारुल कझाचा कागद शरीअतच्या दृष्टीने आपल्याला समाधान देतो, पण त्याला कोर्टाच्या हुकुमाचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. नोटरीचा शिक्का तर एवढेच सांगतो की सही याच माणसाची आहे.

तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हा विचारावा: तुमच्या उक्त्या फीमध्ये नुसता स्टॅम्प पेपर आहे, की कोर्टात अर्ज, तारखा आणि निकालाची प्रमाणित नक्कल हातात पडेपर्यंतचे सगळे काम आहे? टायपिंग, कोर्ट फी, नोटरी यांचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा? निम्मी रक्कम अर्ज दाखल झाल्यावर आणि उरलेली नक्कल मिळाल्यावर दिली तर चालेल का? उत्तरे कागदावर घ्यावीत, पैशाची पावती घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला कुरआनने शिकवले आहे, मग इथे लाज कसली? दोघांचा मिळून एकच वकील असेल तर तो कागद कोणाच्या सांगण्यावरून लिहितो आहे, हेही विचारावे.

काही गोष्टी ऐकल्या की सावध व्हावे. "तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही," असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नये. कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही, तिथे कोर्टाच्या परवानगीने वकील उभा राहतो. न्यायाधीश दोघांशी स्वतः बोलतात आणि समेटाचा प्रयत्न करणे हे कोर्टाचे कर्तव्यच आहे. "मिळेल त्या रकमेत माझा इतका टक्का," असे म्हणायला वकिलाला त्यांच्या बार कौन्सिलच्या नियमांनीच बंदी आहे. "सहा महिने थांबावे लागेल," असे कुणी सांगितले तर ती मुदत हिंदू विवाह कायद्यातली आहे, निकाहला ती लागू नाही. आणि कागदात कुठे "एकाच वेळी तीन तलाक दिले" असे लिहिलेले नाही ना, हे जरूर पाहावे. असा तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसते "मी तलाक दिला होता" असे कोर्टात लिहून देणेही पुरेसे नाही. जळगाव आणि धुळे ज्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तिथल्याच पूर्णपीठाने २००२ मध्ये दगडू पठाण खटल्यात सांगितले की तलाकाचे कारण, समेटाचा प्रयत्न आणि तलाक दिल्याची घटना, हे सगळे सिद्ध करावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. वकील कागद करतो, समझोता आपण करायचा असतो. वकिलाकडे जाण्याआधी दोन्हीकडचा एकेक शहाणा माणूस बसवून पाच गोष्टी ठरवाव्यात. मेहर किती, दिला की सोडला, आणि सोडला असेल तर मुलीने मनापासून सोडला का. इद्दतचा खर्च किती आणि कधी. जहेजचे सामान व दागिने यांची यादी, आणि ते कोणत्या दिवशी परत येणार. मूल कोणाकडे राहील, वडील कधी भेटतील, शाळेची फी कोण भरेल. आणि आधीच्या केसेसचे काय. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, आईच्या एका सहीने तो संपत नाही. आणि जुन्या दंड संहितेच्या ४९८-अ खाली गुन्हा नोंदलेला असेल तर "आम्ही मिटवले" म्हणून तो मिटत नाही, त्यासाठी खंडपीठात अर्ज करावा लागतो. उक्त्या फीमध्ये तो खर्च आहे का, हेही आधीच विचारावे.

यातले काही मिळालेले नसेल तर "मिळाले" असे लिहू देऊ नये. "अमुक तारखेला मिळेल" असे लिहावे. एवढ्या एका शब्दाचा फरक त्या मुलीला दीड वर्षाने कळला.

आणखी एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज, सोबत आधार कार्ड आणि निकाहनामा न्यावा. आधी विचारायचे असेल तर १५१०० हा फोन नंबर आहे. ज्या कामाला त्या घराने कर्ज काढून साडेसात हजार दिले, ते काम तिथे फुकट झाले असते.

त्या बाईंना घेऊन आम्ही तिथेच गेलो. मुलीला वकील मिळाला. वकिलांनी आधी दोन्ही घरांना पुन्हा बसायला सांगितले. धुळ्याची मंडळी येतील की नाही याची धास्ती होती, पण आली. आम्ही तिसरे पान मोठ्याने वाचले, आधी मराठीत, मग उर्दूत. ऐकता ऐकता त्या मुलाने मान खाली घातली. म्हणाला, "बाजी, अल्लाह साक्षी आहे, मीसुद्धा हे वाचलं नव्हतं. वकील म्हणाला इथे सही कर, मी केली."

त्याच्या वडिलांनी मेहर दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले. मुलाच्या शाळेचा खर्च दरमहा बापाने द्यायचा ठरला. नवा समझोता लिहिला गेला तेव्हा दोघांनी प्रत्येक पान वाचून घेतले, मगच सही केली. कोर्टात अर्ज दाखल झाला आहे, तारीख पडली आहे. नवीन स्थळाच्या मंडळींना मुलीच्या मामूंनी खरे काय ते सांगितले, आणि ती थांबायला तयार आहेत.

मागच्या जुम्म्याला धुळ्याहून एक छोटा टेम्पो आला. बाईंनी यादी हातात धरून एकेक भांडे उतरवून घेतले. एक पातेले कमी भरले. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, ते माझ्या नातवाच्या दुधाला तिकडेच राहू दे, तो सुट्टीत जाईल ना."

ज्या घरात असा प्रसंग आला असेल त्या घराला अल्लाह सबुरी देवो, आणि सहीसाठी कागद पुढे आला की आधी तो वाचून घेण्याची बुद्धी आम्हा सर्वांना देवो. आमीन.