शालेय शिक्षणमंत्र्यांना अनावृत पत्र: वर्गाचा ग्रुप आणि पालकांची संमती

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


राज्यातल्या असंख्य शाळांचा कारभार आज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि गूगल फॉर्मवर चालतो. हे धोरण ठरवून झाले नाही, सोय म्हणून अंगवळणी पडले. 'आज पाचपर्यंत माहिती भरा' असा वरून निरोप येतो, केंद्रप्रमुख लिंक पुढे पाठवतात, मुख्याध्यापक ती शिक्षकांच्या गळ्यात मारतात. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचा मोबाइल हे सारे ज्या शीटमध्ये साठते, ती बऱ्याचदा कुणाच्या तरी खासगी जीमेल खात्यात असते. त्याची बदली झाली तरी शीट त्याच्याकडेच. कपाटाच्या किल्लीचाही चार्ज देणाऱ्या खात्यात या शीटचा चार्ज कोण देतो?

ज्याला नको त्याने वापरू नये, हे उत्तर इथे चालत नाही. गृहपाठ ग्रुपवरच येणार असेल, तर बाहेर राहिलेल्या पालकाच्या मुलाचे नुकसान होते. 2021मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे गोपनीयता धोरण 'मान्य करा, नाहीतर सोडा' अशा थाटात पुढे केले, तेव्हा वापरकर्त्याला खरा पर्याय उरला नाही, हाच स्पर्धा आयोगाचा आक्षेप होता. नोव्हेंबर 2024मध्ये त्याने व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला 213 कोटींचा दंड ठोठावला. शाळा तोच पेच अधिक घट्ट करते. संदेश कुलूपबंद असतात हे खरे. पण कोणता नंबर कोणत्या ग्रुपात आहे, कोण कधी ऑनलाइन असते, हे कंपनीला कळतेच. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त हवी आणि देण्याइतकीच सहज मागे घेता यायला हवी. ग्रुप सोडणाऱ्या पालकाला शाळेची सूचना मिळायची कशी?

पर्याय उभारायचा म्हटले की खर्चाचा मुद्दा निघेल. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत. परवाना शुल्क वाचते आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यावरच होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारी यंत्रणा तरी कुठे सुरक्षित? सरकारच्याच 'दीक्षा' या शिक्षण-अ‍ॅपवरील लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित क्लाउड सर्व्हरवर उघडी पडली होती, हे जानेवारी 2023मध्ये जगजाहीर झाले. म्हणून सगळे मंत्रालयात गोळा करा असे माझे म्हणणे मुळीच नाही. माहिती मागायचीच कमी. हजेरीला आधार लागत नाही, सहलीच्या यादीला जात लागत नाही. जे गोळाच केले नाही ते फुटत नाही, मग सर्व्हर कुणाचाही असो.

तेव्हा येत्या जूनपूर्वी एक परिपत्रक काढावे: विद्यार्थ्यांची माहिती खासगी खात्यांतून मागवू नये, जुन्या शीट्स विभागाकडे सोपवून मूळ प्रती पुसाव्यात, आणि प्रत्येक सूचना साध्या एसएमएसवर व शाळेच्या फलकावरही द्यावी. यातल्या एकाही गोष्टीसाठी निविदा काढावी लागणार नाही.

आपली,
एक नागरिक