आधी हशा, मग षड्ज

आज 8 नोव्हेंबर, पु. ल. देशपांडे यांचा जन्मदिवस. त्यांचे विनोद आज घरोघरी पुन्हा ऐकले जातील. पण हाच माणूस वसंतराव देशपांड्यांच्या साथीला पेटी घेऊन बसायचा, याची आज आम्हाला मुद्दाम आठवण करून द्यायची आहे.

1953 सालचा ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट घ्या. दिग्दर्शन, संगीत, नायकाची भूमिका, सगळे पुलंचेच. भाबड्या नायकाची फजिती बघून लोक हसले आणि घरी येताना कानात घेऊन आले ते भीमसेन जोशींचे भीमपलासातले गाणे. त्या रागाचे नावही ठाऊक नसलेल्या कितीतरी घरांत ते गाणे आजही गुणगुणले जाते.

राग कळत नाही म्हणून लोक मैफलीपासून दूर राहतात, हे आम्हाला पटत नाही. आपल्याला कळत नाही हे चारचौघांत उघडे पडेल, भलत्याच जागी दाद जाईल, ही धास्ती त्यांना दारातच अडवते. घराणे, वादी-संवादी आणि पुरस्कारांची जंत्री वाचणारी निवेदने ती आणखी वाढवतात. पुलंनी थट्टा केली ती जाणतेपणाचा आव आणणाऱ्यांची. बालगंधर्वांवर, मल्लिकार्जुन मन्सूरांवर लिहिताना मात्र त्यांची लेखणी हात जोडून उभी राहते.

आता थंडीतल्या मैफलींचे दिवस आहेत. आयोजकांनी या धास्तीचा विचार करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. मागे एका बैठकीत तंबोरे लावणे बराच वेळ चालले होते. चुळबुळ सुरू झाली. एका चिमुरडीने मोठ्याने विचारले, “आई, गाणं कधी सुरू होणार?” आई वरमली. गायिका हसून म्हणाल्या, “अगं, चार तारांचं एकमत व्हायचंय. तुमच्या घरात चौघांचं लगेच होतं का?” सतरंजीवर हशा पिकला. मग त्यांनी एक तार किंचित उतरवली. “ही बघ, ही रुसली.” आणि हलक्या हाताने चढवत ती पुन्हा सुरात आणली. जवारी खुलली, तंबोरा घुमू लागला. त्या पोरीने चटकन मान वर केली. तिच्या आईनेही. पुढे तासभर विलंबित यमन चालला, आणि त्या दोघी शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.