शक्तीचा जमाखर्च

मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरते. मुंबईची मागणी वाढली की तेथील यंत्रे जोमाने चालतात. ओसरली की पाणी राखले जाते. मोबाइलच्या प्रोसेसरचा हिशेबही असाच आहे. आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे व छोटे गाभे एकत्र नांदविणारी रचना मांडली. अवजड कामास मोठे गाभे जागे होतात. निरोप, जमा रकमेची सूचना ही किरकोळ कामे छोटे उरकतात. वेगासाठी विद्युतदाब वाढवावा लागतो आणि दाब दीडपट झाला की त्याच कामाचा वीजखर्च सुमारे सव्वादोनपट होतो. म्हणून खरेदीच्या वेळी केवळ वेगाच्या आकड्यास भुलू नये. पौडच्या बाजारपेठेतील दुकानदाराकडे संध्याकाळच्या वसुलीपर्यंत बॅटरी उरते का, हीच खरी कसोटी. भांडवल राखून व्यापार करणाऱ्यास हे वेगळे सांगणे नलगे.